गढीची माती आणि माझा शेवटचा परिच्छेद

हा ब्लॉग सुरू केल्यापासून सह्याद्रीतल्या झाडून सगळ्या किल्ल्यांवर लिहून झालं. प्रत्येक लेखाखाली कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही तर जळगावकडचे. मग खान्देशातल्या गढ्यांवर एक अक्षर कसं नाही?" मी दरवेळी 'लवकरच लिहितो' म्हणून हात झटकतो. खरं कारण असं की लाज वाटते. तीस वर्षांहून जास्त झाली, तीन दिवसांची ती सहल मी बायकोलाही नीट सांगितलेली नाही. आता साठी उलटली आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. जाणाऱ्यांच्या सोयीसाठी रस्ते, गाड्या, जेवणखाण हेही लिहितो, म्हणजे अगदीच रडगाणं व्हायला नको.

१९९१ साल. मी असोद्याचा, जळगावच्या एका शाळेत मराठीचा मास्तर. शब्दांच्या मुळांचं वेड होतं आणि त्या वेडाचा थोडा माजही होता. त्या मार्चमध्ये एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझा लेख आला, 'गढी म्हणजे काय?' दुर्ग म्हणजे जिथे जाणं अवघड ते ठिकाण, किल्ला हा अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला पाहुणा, कोट हा संस्कृतातला जुना रहिवासी, आणि गड-गढी यांच्या मुळाबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही, असं सगळं त्यात होतं. लेख बरा होता, आजही म्हणेन. घोटाळा शेवटच्या परिच्छेदात होता.

झालं होतं असं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परतताना शिंदखेड्याच्या पुढे एका गावापाशी आमची बस पंक्चर झाली होती. समोर एक पडकी गढी, आणि तिच्या पोटाशी चारपाच माणसं टोपल्यांनी माती काढत होती. मी खिडकीतूनच पाहिलं, खाली उतरलोसुद्धा नाही. लेखाचा शेवट जोरकस हवा म्हणून ते आठवलं आणि मी गावाच्या नावासकट लिहून मोकळा झालो: 'आपला इतिहास टोपल्यांनी पळवणाऱ्या या मातीचोरांना आवर कोण घालणार?' लेखाच्या डोक्यावर माझं नाव ठळक अक्षरांत, तळाला 'मु. पो. असोदा'. मुख्याध्यापकांनी कात्रण सूचनाफलकावर लावलं. मी पंधरा दिवस तरंगत होतो.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा ठरवलं, धुळ्याकडच्या गढ्या पाहायच्या आणि पुस्तिका काढायची. सोबतीला आमच्या शाळेचा चित्रकला शिक्षक मुरलीधर. मूळचा पहूरचा, कमी बोलणारा, पण बोलला की टोचणारा. तो गढ्यांची चित्रं काढणार, मी मजकूर लिहिणार. पहिलंच गाव कोणतं घ्यायचं हे सांगायला नकोच. तिथे लोक ओळखतील, एखादा नारळ-टोपीही होईल, असं मनात होतं. मुरलीला तसं बोललो नाही, पण इस्त्रीचा सदरा वेगळा बांधून घेतला होता.

पहिल्या दिवशी सकाळी असोद्याहून मोटारसायकलवर जळगाव गाठलं, गाडी स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानात लावली आणि धुळ्याची एसटी धरली. तेव्हा हा रस्ता दुपदरी होता. ट्रकमागे बस लागली की एरंडोलपर्यंत धूरच खायचा. पारोळ्याला उतरलो. तिथला भुईकोट गावाला अगदी खेटून आहे. पाहायला दीड तास पुरे, सकाळी लवकर जा आणि पाणी जवळ ठेवा. तटावर बसून मी मुरलीला शिकवणी दिली. "भुईकोट म्हणजे सपाटीवरचा. गढी त्याहून लहान. गावाच्या मानकऱ्याचं घरही तीच आणि आसराही तीच. संकट आलं की सगळं गाव आत. गढी या शब्दातच आधार आहे बघ."

मुरली खंदकाचं चित्र काढत होता. मान वर न करता म्हणाला, "सगळं गाव?"

"म्हणजे काय!"

"नाही, आमच्या आजोबांनी आत गेल्याचं कधी सांगितलं नाही म्हणून विचारलं," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला.

मी ते कानाआड केलं. संध्याकाळी धुळे. स्टँडसमोरच्या लॉजमध्ये दोन खाटांची खोली चाळीस रुपयांत मिळाली, चादरी स्वच्छ, नळाला पाणी सकाळी सहा ते सात एवढंच. जेवायला शेवभाजी. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, पहिल्या घासाला पाणी पिऊ नका, तिखट आणखी चढतं. भाकरी चुरून खा आणि कांदा हाताशी ठेवा. मुरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सातच्या बसनं शिंदखेडा. कपाशी वेचणीला आली होती आणि दोन्ही बाजूंची शेतं पांढरी झाली होती. शिंदखेड्याला चहा आणि गरम भजी खाल्ली, मग मिळेल त्या गाडीनं पुढे. आम्हाला एक टेम्पो भेटला, त्यात कपाशीच्या रिकाम्या गोण्यांवर बसून गेलो. गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. एकदा छापून झालं, तेवढं बस.

गढी फाट्यावरूनच दिसली. एका कोपऱ्याचा बुरूज तेवढा धड, बाकी मातीचा उंच ढिगारा. आणि तिच्या पायाशी नवाकोरा पत्र्याचा बोर्ड: 'ही गढी ऐतिहासिक आहे. येथील माती खणण्यास व नेण्यास सक्त मनाई. हुकमावरून, ग्रामपंचायत.' माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू! मी मुरलीला बोर्डाशेजारी उभं केलं, मग स्वतः उभा राहिलो, दोन फोटो झाले. "बघ," मी म्हणालो, "लेखणीची ताकद."

मुरली बुरुजाचं चित्र काढायला बसला. तेवढ्यात धोतर-बंडीतले एक सत्तरीचे गृहस्थ काठी टेकत आले.

"माटी लेवाले उनात का? मनाई शे बरं."

मी म्हटलं, माती न्यायला नाही, गढी पाहायला आलोय, आम्ही जळगावकडचे मास्तर. त्यांचा चेहरा खुलला. "मास्तर शेतस? मंग ऊनमा काबर बठनात? घर चला, पानी पी ल्या." गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे, आम्हीही आबाच म्हणू लागलो.

आबांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवस्तीत. खान्देशातली जुनी घरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, त्यांना उतरतं छप्पर नसतं. लाकडी सरांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, काटक्या-पाला पसरायचा आणि वर वीतभर माती थापायची, हे धाबं. आबांच्या घराचे तीन खण होते. मधल्या खणाला धाबंच नव्हतं. वर निळा प्लास्टिकचा कागद ताणलेला, खाली मोडक्या सरांची रास. दाराशी खाटेवर एक म्हाताऱ्या बाई पडून होत्या, आबांची बायको, आक्का. त्यांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला आणि तसंच परत टेकत म्हणाल्या, "जय भीम, भाऊ. ऊठता येत नही मले, राग नका धरज्यात. सुमन, च्या ठेव व माय."

सुमन त्यांची सून, गावात अंगणवाडी चालवायची. नवरा सुरतेला कामाला. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि चुलीपाशी गेली. मुरलीनं वर कागदाकडे बघत विचारलं, "हे कसं झालं, आबा?"

आबा सांगायला लागले. त्यांची आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. "धाबाले पांढरी माटीच लागस, सर. वावरमानी काळी टाकी का ती तडकस, पानी सरळ घरमा. पांढरी खारी शे, ती पानी खाले जाऊ देत नही. आनि पांढरी भेटस फक्त गढीमा. दरसाल आखाजी व्हयनी का बठ्ठा गाव दोन-दोन गाड्या माटी लयी ये. औंदा बोर्ड लागी गया."

"मग कुणीच आणली नाही?" मुरलीनं विचारलं.

"मोठासन्या गाड्या पहाटमाच भरी गयात. त्यासले कोनी इचारं नही. आम्ही गऊत तं पंचायतना शिपाई उभा. म्हने, पेपरमा छापेल शे, आते कायदा शे. मी टोपलं तठेच उलटं करं."

"पोरे म्हनेत, आबा, रातले जाऊत," खाटेवरून आक्का बोलल्या. "यास्नी नही म्हनं."

"कायदा आमना मानूसनी लिखेल शे," आबा म्हणाले. "तो आम्ही नही पाळा तं कोन पाळी? जुनी माटी झिजी गयेल व्हती. श्रावणमा झडी लागनी, दुपारना वखतले हाई म्हातारी चुलपान बठेल, नि मधला खण खाले उना. लाकूडना सर कंबरवर पडना. धुळाले दवाखानामा महिनाभर ठेवं. डॉक्टर म्हने, बसता यी, चालता नही येवाव."

ते कुणावर चिडून बोलत नव्हते. पावसाची हकिगत सांगावी तसं सांगत होते. माझ्या हातात पेला होता, तो खाली ठेवावा की धरून राहावं ते मला कळेना. मुरली माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग आबांना एकदम सुचलं. "सुमन, तो कागद आन वं." माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही शिकेल शेतस. ग्रामसेवकनी बैठकमा एक-दोन वळीच वाची दाखाड्यात. सून वाचाले लागनी का तिले राग येस, नि ती मधमाच थांबस. माले एकदाव बठ्ठं ऐकाड ज्या. काय लिखेल शे ते तं समजू दे."

सुमननं पत्र्याच्या पेटीतून घडी केलेलं कात्रण आणलं. माझा लेख. कडा नीट कापलेल्या, वर माझं नाव ठळक.

मी वाचायला लागलो. वर्गात वाचतो तसं, स्वच्छ आणि ठासून, कारण दुसरं काही करताच येईना. आबा मन लावून ऐकत होते. दुर्ग म्हणजे जिथे जाणं अवघड, हे वाक्य आलं तसे ते खूश झाले. "हाई खरं शे! आमले तठे जाताच येत नव्हतं. मना आजा सांगे, ती गढी आमन्याच लोकेस्नी माटी वाही वाही उभी करी. वेठ व्हती. डोकावर भरेल टोपलं शे तवशी वर जाता ये. टोपलं रिकामं व्हयनं का लगेच खाले. ती पडी गयी, मंग तीच माटी आमना धाबावर उनी." आणि हसून म्हणाले, "वाचा, वाचा. लिखणारानी मेहनत करेल शे."

मी वाचत गेलो. किल्ला, कोट, बुरूज. शेवटच्या परिच्छेदाआधी थांबलो आणि म्हणालो, "झालं." कागदाची घडी घालू लागलो.

"सर," चुलीपाशी बसलेली सुमन म्हणाली. शिकलेल्या माणसाशी बोलताना ती शाळेची मराठी बोलायची. "शेवटचा राहिला."

मग तोही वाचला. 'मातीचोर' हा शब्द माझ्या तोंडून माझ्याच कानांना ऐकू आला. 

"मातीचोर म्हंजे आम्हीच का?" आबांनी विचारलं. खरंच विचारलं, त्यात टोमणा नव्हता. मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते माझं मलाही सांगता येणार नाही.

"कोन शे हाऊ लिखणारा? आठे यीसन गया का कधी? त्यानं नाव काय शे?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. तो शब्द मी किती वेळा मनात म्हटला आहे याला गणती नाही. प्रत्यक्षात मी कात्रण डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणालो, "नाव फाटलेलं दिसतंय, आबा."

नाव फाटलेलं नव्हतं. ते माझ्या अंगठ्याखाली होतं.

सुमननं हात पुढे केला. मी कात्रण दिलं. तिनं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मला पाहिलं, आणि ते पेटीत ठेवून दिलं. मुरली सकाळपासून मला नावानं हाक मारत होता, अगदी तिच्या दारातसुद्धा. हे मला त्या क्षणी सुचलं नाही, नंतर टेम्पोत सुचलं.

जेवून जा म्हणाले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल. असं भरीत मी असोद्यातही खाल्लेलं नाही. निघताना आबा फाट्यापर्यंत आले. "सर, पेपरवालासनी वळख शे ना तुमनी? आमनासाठे लिखा. येती आखाजीले माटी नही भेटनी तं दुसरा खण बी खाले यी. मी पडसू मनं काय, पन तिले खाटसकट कोठे लयी जाऊ?" मी म्हणालो, "लिहितो, आबा." त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले.

पुढच्या गढ्या आम्ही पाहिल्या नाहीत. शिंदखेड्याच्या धर्मशाळेत मुक्काम केला, आणि तिसऱ्या दिवशी पॅसेंजरनं अमळनेरवरून सरळ जळगाव. धुळ्याला वळसा घालायचा नसेल तर ही गाडी सोयीची, फक्त वेळेचा भरवसा धरू नका. मुरली खिडकीशी बसून होता. अमळनेर सुटल्यावर म्हणाला, "अंगठा काढायचा होता रे." मी म्हटलं, "तू का नाही बोललास?" तो म्हणाला, "माझं नाव नव्हतं त्यात."  त्यानं काढलेलं बुरुजाचं चित्र त्यानं मला दिलं नाही, मीही मागितलं नाही.

घरी आल्यावर लिहायला बसलो. गढी म्हणजे काय, हे पुन्हा एकदा. यावेळी आबांच्या आजोबांची वेठ लिहिली, काळ्या-पांढऱ्या मातीतला फरक लिहिला, पडक्या गढीची माती ही गावाच्या डोक्यावरचं छप्पर असते हे लिहिलं, आणि बंदीमुळे एका बाईची कंबर गेली हेही लिहिलं. पहिल्या लेखकानं गावात पाऊलही न ठेवता लिहिलं, त्याला लाज वाटायला हवी, इतकं स्पष्ट लिहिलं. खाली सही करायची वेळ आली. सूचनाफलकावरचं कात्रण आठवलं, मुख्याध्यापक, शिक्षकांची खोली, भाऊबंद. मी लिहिलं, 'एक वाचक'. वाचकांच्या पत्रांत ते पूर्ण छापून आलं. मी स्वतःला समजावलं, काम झाल्याशी मतलब.

काम झालंही. पुढच्या वर्षी आखाजीनंतर सुमनचं पत्र आलं. पत्त्यावर माझं पूर्ण नाव, मु. पो. असोदा, जसं पहिल्या लेखावर छापलं होतं तसंच. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'सर, दुसरं छापलेलं ग्रामसेवकांनी बैठकीत वाचलं. बोर्ड काढला. आम्ही दोन गाड्या माती आणली, मधला खण नवा घातला. सासूबाई बसतात आता. आबा ते रोज वाचायला लावतात आणि विचारतात, पहिल्याला इतकं चांगलं उत्तर देणारा हा दुसरा भला माणूस कोण? त्याला एकदा घरी बोलवायचं म्हणतात. मी त्यांना काय सांगू, ते कळवावे.'

तेव्हा पोस्टात जोडकार्ड मिळायचं, एक अर्धं मजकुराचं आणि दुसरं जबाबासाठी. सुमननं तेच पाठवलं होतं. जबाबाच्या बाजूला तिनं स्वतःच्या हातानं आबांचा पत्ता लिहून ठेवला होता. मला फक्त नाव लिहायचं होतं. ते अर्धं कार्ड अजून माझ्याकडेच आहे, कोरं.